रेवणप्पाचा अलर्ट

लोहाऱ्याच्या रेवणप्पानं चाळीस वर्षं बैलांची दलाली केली, आणि ती सगळी रुमालाखाली. वर पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली बोटं धरून भाव. सख्ख्या बायकोलाही त्यानं कधी खरा आकडा कळू दिला नाही, असं महानंदाबाई स्वतःच आळीभर सांगतात.

गुडघे गेले, बाजार सुटला, आणि सत्तरीत हा गडी धाराशिवच्या क्लबात ब्रिज शिकला. शिकवलं कॉलेजातल्या प्रसेनजित सरांनी. तेच त्याचे भिडू. रेवणप्पाला पत्त्यांपेक्षा त्यातली भाषाच आवडली. म्हणायचं 'दोन किल्वर', आणि किल्वरशी संबंधच नाही! भिडूला विचारायचं असतं, बदाम किंवा इस्पिकाची चार पानं आहेत का. ह्याचं नाव 'स्टेमन'. एसटीत बसून तो असले शब्द ओठांतल्या ओठांत घोळवायचा. शेजारची बाई समजायची, म्हातारा जप करतोय.

घोडं अडलं ते 'अलर्ट'पाशी. भिडूनं अशी आडवळणाची बोली लावली की आपण 'अलर्ट' म्हणायचं, आणि विरोधकांनी विचारलं तर तिचा अर्थ उघड सांगायचा.

"सर, आपलीच खूण समोरच्याला सांगायची? मग खूण कशाला?"

"काका, ब्रिजमध्ये पानं लपवायची. भाषा नाही."

तरीही स्पर्धेच्या पहिल्या शनिवारी रेवणप्पा मुद्दाम गप्प बसला. तक्रार झाली, पंचांनी गुण कापले. सर बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी दुसरा भिडू बघतो."

आठवडाभर रेवणप्पाला घास गोड लागेना. आताशा बाजारात त्याला कुणी पुसत नव्हतं. शनिवारी एक माणूस समोर बसून त्याच्या बोलीची वाट बघायचा. आता तोही जाणार.

दुसरा शनिवार उजाडला. उजव्या हाताला विरोधक आण्णासाहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त, पण बोलण्यातली खुर्ची अजून सुटलेली नाही. रेवणप्पानं हुकमाविना खेळायची बोली लावली, "एक नोट्रम्प." डावीकडचा पास. सर म्हणाले, "दोन किल्वर."

रेवणप्पा हळूच म्हणाला, "अलर्ट."

"अर्थ?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"त्यास्नी किल्वर नकोच हाय. माझ्याकडं बदाम न्हायतर इस्पिक चार हायत का, तेवढं इचारत्यात." भर बाजारात कुणी धोतराला हात घालावा, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"असं होय? मग डबल!" आण्णासाहेब खुशीत म्हणाले. म्हणजे जोरदार किल्वर त्यांच्याच हातात होतं, आणि ते त्यांच्या भिडूला बरोबर कळलं. रेवणप्पा खेळायला बसला तर पहिलंच पान किल्वरचं पडलं, आणि एक हात कमी पडून डाव बुडाला.

"म्या सांगितलं, म्हणून बुडालो," तो पुटपुटला.

"व्हय," सर त्याच्याच सुरात म्हणाले.

"मग? दुसरा भिडू बघणार?"

"इतका खरं बोलणारा दलाल दुसरा कुठं मिळायचा? पुढचा डाव घ्या, काका."

रेवणप्पानं टोपी सारखी केली आणि उजवीकडं वळला. "बोला आण्णासाहेब, आता तुमची बोली. आन् काय आडवळण असंल तर लपवू नका बरं का!"