पायाळू मावशी

“अगं ए डाक्टरणी, मी काय सुरमय हाय, अशी दाबदाबून बघतेस? ताजी हाय मी, ताजी!”

पनवेलच्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पडद्यापलीकडून ही आरोळी आली, तेव्हा माझ्या कमरेवरचं शेकाचं यंत्रसुद्धा दचकून बंद पडलं. मावशीची आणि माझी ओळख ती अशी. कंबर दोघांचीही धरलेली. माझी ऑफिसच्या खुर्चीने, तिची चाळीस वर्षं डोक्यावर वाहिलेल्या मासळीच्या पाटीने. त्या पाटीत एकदा माणसाएवढी मुशी होती, असं ती सांगायची. मी ऐकलं तेव्हा एक होती. तुम्हाला सांगेपर्यंत दोन झाल्यात.

उपचारांत तिने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मिठाच्या पुरचुंडीचा शेक, तेलाचं मालिश, आणि निर्गुडीचा पाला तर इतका उकळला की उरण रस्त्याला झुडूप दिसेनासं झालं. आमच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान, पण शांत. म्हणायच्या, “शेक घ्या, तेल लावा, बरं वाटतं. पण व्यायाम चुकवायचा नाही. आणि एका पायावर आधाराशिवाय उभं राहता येईपर्यंत बाजारात जायचं नाही.”

इथेच घोडं अडलेलं. भिंत सोडली की मावशी डुगडुगायची. आणि तिकडे मासळी बाजारात तिच्या रिकाम्या ओट्यावर शेजारी बसणाऱ्या जावेची टोपली रोज वीतभर सरकत होती.

“अजून चार दिस, अन् माजी जागा गेली बग, भाऊ.” एवढं बोलताना मात्र तिचा आवाज खाली यायचा.

मग एके दिवशी मला कुशीवर वळवताना (माझं वजन इथे सांगत नाही, वाचणाऱ्याच्याही कमरेत भरेल) मॅडमच्याच कमरेत उसण भरली. त्या टेबल धरून वाकल्या त्या वाकल्याच.

“झोप खाली, पोरी,” मावशी म्हणाली. “मी पायाळू हाय.”

जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे तुम्हीआम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मावशीच्या पायाने तर, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, चिरनेरचा एक बैल उठून उभा राहिला होता.

“मावशी, असं काही नसतं.”

“नसू दे. झोप.”

मॅडम सतरंजीवर पालथ्या झोपल्या. मावशीने पदर खोचला, हात कमरेवर ठेवले, डावा पाय मॅडमच्या पाठीवर वीतभर उंच धरला आणि देवांना हाका घालायला लागली. तिचे देव बरेच होते. मॅडमची नजर समोरच्या आरशात गेली.

“मावशी, हलू नका. हात कुठे आहेत तुमचे?”

“कमरेवर. का गं?”

“आणि भिंत?”

मावशीने पाहिलं. भिंत चांगली चार हात लांब होती. पाय तसाच हवेत ठेवून तिने पुन्हा एकदा पाहिलं.

“उद्यापासून बाजारात जा,” मॅडम झोपूनच म्हणाल्या. “पाटी डोक्यावर घ्यायची नाही. स्टुलावर बसायचं.”

दुसऱ्या दिवसापासून मावशीची कॉट रिकामी. मी बाजारात डोकावलो. मावशी स्टुलावर, सगळ्यांहून हातभर उंच, आवाज थेट पलीकडच्या नेरे गावापर्यंत. जावेची टोपली आपल्या हद्दीत, अंग चोरून.

“ओ भाऊ! त्या पोरीला इचारा, उसण गेली ना माज्या पायानं?”

संध्याकाळी मी विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “पालथे झोपा.”