चोवीस व्होल्टचा आकाशकंदील

गेल्या दिवाळीनंतर सडक अर्जुनीकडच्या एका गावानं माझ्या गुडघ्यांतलं उरलंसुरलं वंगण काढून घेतलं. मी गोंदियातल्या एका लहानशा इंटरनेटवाल्याकडे दुरुस्तीचं काम करतो. म्हणजे राहतो लोकांच्या छतांवर, फक्त झोपायला घरी येतो.

त्या गावात एका काकाजींच्या छतावर आमचा लोखंडी पाइप आणि पाइपाच्या टोकाला रेडिओ. हायवेवरच्या टॉवरचं नेट पकडून गावाला वाटायचं, एवढंच त्याचं काम. त्याला वर वेगळी लाइट न्यावी लागत नाही. खाली घरात एक काळा डबा असतो, पीओई. तो नेटच्याच केबलमधून चोवीस व्होल्ट वर चढवतो. छत आणि वीज काकाजींची, बदल्यात त्यांना नेट फुकट, असा तोंडी करार.

हा रेडिओ दिवसभर ठणठणीत असायचा आणि दिवेलागणीला मरायचा. सकाळी पाहावं तर पुन्हा जिवंत.

एरवी कोणी एवढी बोंब मारली नसती. पण धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीची मुदत संपत आली होती, आणि नोंदणी नसेल तर सरकारी खरेदी केंद्रावर धान घेत नाहीत. नोंदणी करणाऱ्या ताईचं सेवा केंद्र काकाजींच्या घरासमोरच. साइट अशी, की दिवसा अख्खा जिल्हा तिच्या उरावर बसलेला; एक पान उघडेपर्यंत कापलेल्या धानाच्या बांधीत दुसरं पीक उभं राहावं. संध्याकाळी काय ती जरा हलायची. नेमकं तेव्हाच नेट गुल.

"भाऊ, लोक सातबारा घेऊन माह्या दारात बसून राहिले," ताई फोनवर म्हणायची. "शिव्या मले पडून राहिल्या, तुमाले नाही."

"गोंदियापर्यंत ऐकू येतात, ताई."

गेलो. केबलच्या पिना बदलल्या, पीओई बदलला, अर्थिंग उकरून पुन्हा गाडलं. त्या पाइपावर इतक्यांदा चढलो, की नागझिऱ्याच्या वानरांनी मला टोळीत घ्यायची तयारी दाखवली. टोकाशी काकाजींचा आकाशकंदील लटकत होता. दर वेळी तो कोपरानं सारायचा आणि रेडिओ तपासायचा. दिवसाउजेडी मीटर बरोबर चोवीस दाखवायचं. ज्याला दुखतच नाही त्याला औषध काय देणार? परत गोंदिया, पुन्हा फोन, पुन्हा तोच रस्ता, तेच ट्रक. शेवटी शेवटी गाडी मला न विचारताच तिकडे वळायची.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र ठरवलं, दिवे लागेपर्यंत इथून हलायचं नाही. केबलला मीटर लावून ओसरीवर बसलो. अंधारायला लागलं. काकाजी उठून मागच्या अंगणात गेले, आणि चोवीसचे धपकन नऊ झाले.

पळत बाहेर आलो. वर कंदील असा पेटला होता, की बिरसीच्या विमानांनी धावपट्टी समजून गावात उतरावं!

मागच्या भिंतीवर एक बटण. तिथून वायर पाइपाच्या पाठीमागून वर गेलेली आणि आमच्या केबलला जोडलेली. जोडावर काळी टेप इतकी सफाईदार, की मला ती आजवर माझीच वाटत आली होती. आणि कंदिलात हायवेवरच्या दुकानातून आणलेला ट्रकचा बल्ब. तोही चोवीस व्होल्टचाच.

"काकाजी, हे काऊन केलं?"

"गावात सगळ्यात उंच पाइप माह्या घरी. तो काय बिनदिव्याचा ठेवू?"

"पण आमच्या तारेतून?"

"तुह्या डब्ब्यात लाइट कोनाची जाते? माह्या मीटरची. मंग वरचा करंट कोनाचा झाला?"

माणूस खरं बोलत होता.

"बल्ब सगळं पिऊन टाकतो, काकाजी. रेडिओला काही उरत नाही. बंद करा."

"पुनवेपर्यंत रोज दिवेलागणीले कंदील लागलाच पाहिजे. आजपर्यंत आमच्या घरी चुकला नाही."

ताई रस्त्यापलीकडून सगळं ऐकत होती. "काकाजी, काल नेट गेलं तवा तुमचाच अर्ज चालू होता! अर्धा राहिला हाय. आज नाही झाला तं बसा धान घरीच कुटत!"

काकाजींनी असं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच त्यांचं कोठार फोडलं. "मंग आधी कायले नाही सांगितलं बे?" म्हणाले आणि बटण दाबलं.

कंदील विझला. थोड्या वेळानं रेडिओ उठला, ताईच्या दारातली माणसं एकेक करून आत सरकू लागली. काकाजींना तिनं सगळ्यांच्या शेवटी बसवलं. "ज्यानं लाइट खाल्ली त्यानं थांबावं," म्हणाली. मी पायरीवर बसून डुलक्या घेत होतो. अखेर त्यांचा नंबर आला, नोंदणी झाल्याचा मेसेज आला. त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरून तो मला मोठ्यानं वाचायला लावला. मग मान वर करून अंधारातल्या पाइपाकडे पाहिलं.

"बाबू, तुह्या गाडीत वायर असनच."

होती. नाही म्हणायचं बळ नव्हतं. त्यांच्या घरच्या बोर्डातून वेगळी वायर काढली, ट्रकचा बल्ब उतरवून साधा लावायला टॉर्च दातांत धरून पुन्हा चढलो. कंदील लागला. खाली ताईच्या कॉम्प्युटरवर नेट चालूच होतं.

"थोडा डाव्या अंगाले झुकला," काकाजी खालून ओरडले. "सरकव जरा."

सरकवला.