विद्यार्थिनी म्हणवून घेताना

तीन वर्षं मी एका भल्या माणसाला खोटं लिहीत होते.

चाकणला मी ज्या कंपनीत आहे ती कारखान्यांना सॉफ्टवेअर विकते. भट्टी किती तापली, मशीन कधी थांबलं, हे त्यावर साहेबांना केबिनमध्ये बसून दिसतं. वरचे रंगीत तक्ते आमचे. पण मशीनकडून आकडे वाचून आणणारा आतला भाग आमचा नव्हता. तो देहूरोडच्या एका निवृत्त मेकॅनिकनी लिहिला होता आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. कुणीही घ्यावा, वापरावा. आम्ही घेतला आणि विकला. त्यांचं नाव कुठेही नव्हतं.

काही अडलं की मी त्यांना मेल करायचे, माझ्या खासगी पत्त्यावरून. "कंपनीचं नाव नको," मॅनेजरनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "उगाच काहीतरी मागत बसतील. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हण."

मी तसंच लिहिलं. ते दर वेळी सविस्तर उत्तर द्यायचे. वायरिंगचं चित्र वहीत काढून त्याचा फोटो पाठवायचे. माझ्या वडिलांचं आयुष्य पिंपरीत लेथसमोर उभं राहण्यात गेलं. आमच्या घरात खुर्चीवर बसून करायची पहिली नोकरी माझी. ती जाऊ नये म्हणून गप्प बसते, असं मी मनाला सांगायचे. खरं म्हणजे मला ते सोयीचंही होतं.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आकडे चुकायला लागले. मी मेल केला. उत्तर त्यांच्या बायकोने लिहिलं होतं: ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर स्क्रीन बघायची नाही, फारच अडलं असेल तर घरी या, तोंडी सांगतील.

"मग जा की," मॅनेजर म्हणाले. "आजच जा."

देहूरोडच्या घरी काका काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. काकूंनी चहा दिला. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या प्रोग्रॅमची एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले आणि ते मान हलवत ऐकत राहिले. अर्ध्या तासाने म्हणाले, "थांब. वायर तुटली तरी जुनाच आकडा दाखवतंय ते. माझीच चूक हाय." दुरुस्तीही त्यांनीच सांगितली.

मग विचारलं, "कंच्या कॉलेजात हायेस, पोरी?"

मला पुढे खोटं बोलवेना. मी सगळं सांगून टाकलं.

"किती कारखान्यांत चालतंय?"

"तीस-चाळीस तरी असतील, काका."

ते मग हळूच म्हणाले, "फुकट दिलं ते मीच दिलं. त्याचं काय न्हाई. पण मला वाटायचं, एक पोरगी शिकतीय. नातवाला बाजूला बसवून तुला लिवायचो मी."

मी माफी मागितली. ते "व्हय" एवढंच म्हणाले. काकूंनी कप उचलले.

सोमवारी मी मॅनेजरांकडे दोन गोष्टी मागितल्या. सॉफ्टवेअरमध्ये काकांचं नाव द्यायचं, आणि त्यांच्या भागात तीन वर्षांत आम्ही केलेल्या सुधारणा त्यांना परत पाठवायच्या, म्हणजे त्याही सगळ्यांसाठी मोकळ्या होतील.

"कायद्याने बंधन आहे का?"

"नाही."

"मग?"

मी जागेवर जाऊन बसले. दोन महिन्यांनी मी थेट मालकांकडे गेले. वडिलांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की नोकरी जाईलही. ते म्हणाले, "बोलून ये." मालकांनी ऐकून घेतलं. सुधारणा पाठवायला होकार दिला, नावाला नाही. गिऱ्हाइकं प्रश्न विचारतील, म्हणाले.

मी कंपनीच्या पत्त्यावरून, हुद्द्यासकट तीन सुधारणा पाठवल्या. काकांनी दोन घेतल्या. तिसरी चुकीची होती, ती कारण लिहून परत केली. आता महिन्यातून एक दिवस मला या कामासाठी मिळतो, पण दर वेळी मागावा लागतो. आमचे मेल चालू आहेत, फक्त कामापुरते. घरी या, असं त्यांनी पुन्हा कधी लिहिलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.