फिरलेली लेन्स आणि चार वेळचं मरण

डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पवर वनिताबाईंचा डावा डोळा बघितला आणि मी पुन्हा एकदा बघितला. नऊ दिवसांपूर्वी मी स्वतः आडवी बसवलेली लेन्स चांगली तीस अंशांनी फिरली होती.

"कालपासून सारं दुहेरी दिसून रायलं मॅडम," त्या म्हणाल्या.

वनिताबाई झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या धानाच्या मुलखातल्या, नाटकांत नायिकेचं काम करतात. राहणार नागरा गावाजवळ. नंबर उणे बारा, वर तीनचा सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर. स्टेजवर चष्मा चालत नाही, आणि धुळीमुळे कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याला सोसत नाही. मागच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, त्या नायकाऐवजी खलनायकाच्या गळ्यात पडल्या होत्या. पब्लिकला ते आवडलं, पण त्यांच्या नवऱ्याला नाही. नवरा, हेमराजभाऊ, हेच कंपनीचे दिग्दर्शक. "यंदा असं झालं तर दुसरी हिरोइन पाहीन," असं त्यांनी माझ्यासमोरच बजावलं होतं.

कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, पातळ असल्यामुळे लेझर जमणार नव्हतं. म्हणून मी आत बसवायची लेन्स सुचवली.

"मोतीबिंदू मातारीले होते. मले कायले?" वनिताबाई भडकल्या होत्या.

मोतीबिंदूत डोळ्यातलं मूळ भिंग काढतात. इथे ते तसंच ठेवायचं आणि त्याच्या पुढे, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे, एक मऊ लेन्स घडी करून सरकवायची. आत गेली की ती उलगडते. तिरपा नंबर असला तर मात्र ती ठरल्या कोनातच बसावी लागते. थोडी फिरली तरी धूसर दिसतं.

आधी डावा डोळा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय वाचलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी एवढे काळे होते का?"

आणि आता हे.

"डोळा चोळला?"

"नाई."

"वजन उचललं? मार लागला?"

"काईच नाई जी."

हेमराजभाऊ खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याकडे वळले.

"तालीम चालू होती का?"

"हलकीच होती मॅडम. नाच नाई, मारामारी नाई. फक्त शेवटचा सीन. हिरोइन मरते."

"किती वेळा मरते?"

"रोज चारदा. चांगली मरत नव्हती."

"पडता कशा?" मी वनिताबाईंना विचारलं.

"अशी..." त्या स्टुलावरून उठल्या आणि दोन्ही हात छातीशी नेले.

"नका!" मी आणि नर्स एकदमच ओरडलो.

सगळा दोष त्यांच्यावर टाकणं सोपं होतं. पण स्कॅन काढला तेव्हा दिसलं की लेन्स आणि मूळ भिंग यांच्यातली फट जेमतेम होती. म्हणजे लेन्स त्यांच्या डोळ्याला किंचित लहान पडली होती, आणि माप माझं होतं. पडल्यामुळे फिरली की आपोआप, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. मी दोघांना तसं स्पष्ट सांगितलं.

"मंग आमी उगाच भेलो?" हेमराजभाऊ म्हणाले.

"उगाच नाही. पुन्हा फिरली तर ही काढून मोठी घालावी लागेल. एक महिना मरणं बंद."

"पंधरा दिवसांनी पहिला प्रयोग हाये!"

"मग खुर्चीत बसून मरू द्या."

"बसल्या बसल्या कोनी मरते का?"

"पुष्कळ लोक मरतात. मी डॉक्टर आहे."

दुसऱ्या दिवशी थेंबांची भूल देऊन लेन्स सरळ केली. दहा मिनिटांचं काम, पण माझा हात एरवीपेक्षा जास्त जपून चालला. उजव्या डोळ्यासाठी माप तीनदा घेतलं, लेन्स एक साइझ मोठी मागवली, आणि ती प्रयोगांचा हंगाम संपल्यावर बसवायची ठरवली.

पहिल्या प्रयोगाला मला आग्रहाचं आमंत्रण होतं. वनिताबाई खुर्चीत मेल्या, सावकाश, मान एका बाजूला टाकून. माझ्या शेजारच्या बाईने पदराने डोळे पुसले. मी मात्र खुर्चीच्या पायांकडे बघत होते, ते डगमगतात की काय म्हणून. डावी लेन्स जागची हलली नाही. पुढे उजवी बसवली, तीही नाही. हेमराजभाऊ आता सगळ्यांना सांगतात की खुर्चीची कल्पना त्यांचीच.

मी केसपेपरवर 'व्यवसाय'च्या खाली एक ओळ हाताने वाढवली आहे: 'म्हणजे नेमकं काय करता?' परवा चोरखमारा गावच्या एका आजोबांना तेच विचारलं.

"धानाची शेती," ते म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय करता?"

ते सोबतच्या मुलाकडे वळून म्हणाले, "या मॅडमले भात कुठून येते, थेच माईत नाई. चाल, दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ."