मोठ्या बाईंचं अर्ध्या वाटीचं जेवण

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पूर्वी दोन बाया होत्या. चहाच्या खिडकीवर बसायच्या त्या छोट्या बाई, आणि स्वयंपाकघर सांभाळायच्या त्या मोठ्या बाई. छोट्या बाई नोकरी सोडून गेल्या त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, पण मोठ्या बाईंचं नाव तेच राहिलं. त्यांच्याकडे एकदा बघितलं की ते बदलावं असं कुणाच्या मनातही येत नसे. रोज पावणेतीनशे माणसांचा स्वयंपाक, चार मोठी पातेली, दोन कढया आणि हाताखाली तीन माणसं. एवढा संसार बाई बावीस वर्षं एकहाती हाकत होत्या.

आपल्या जाडेपणाचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. खुर्ची मोडली तर त्या खुर्चीला नावं ठेवायच्या. "स्वयंपाक करणारी वाळकी असली तर जेवणारा आधी घाबरतो," असं त्यांचं म्हणणं होतं. पण पन्नाशीच्या आसपास गुडघ्यांनी असहकार पुकारला, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की असंच चाललं तर पुढची पाच वर्षं निघतील याची खात्री नाही. बाईंनी आठ दिवस विचार केला आणि वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली. पोटाचा बराचसा भाग काढून टाकला. उरलं ते एका केळ्याएवढं.

ऑपरेशनच्या आधी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. टाके किती दिवस दुखतील, किती आठवडे नुसतं पातळ घ्यायचं, मग मऊ, मग घट्ट. एका वेळी अर्धी वाटी. जेवताना पाणी नाही. छातीत दाटल्यासारखं झालं की चमचा खाली. हे सगळं बाईंनी पाठ केलं. पण या सगळ्यात माणसाला सुतक आल्यासारखं वाटेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. भूक गेली होती. खायची ओढ मात्र जिथल्या तिथे होती, आणि तिला अर्ध्या वाटीचं गणित ठाऊक नव्हतं.

घरी एकदा ताज्या पावाचं टोक कापून त्यांनी त्यावर लोणी लावलं. टोकाचा तुकडा लग्नापासून त्यांचाच. लोणी लावून झाल्यावर त्यांना आठवलं की सकाळचं अंडं अजून पोटात बसून आहे. त्यांनी तुकडा बशीत ठेवला आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडल्या.

"अगं, पावासाठी रडतेस?" नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं.

"हो, पावासाठीच रडतेय," बाई म्हणाल्या.

नवरा भला माणूस. त्याने तो तुकडा चटकन उचलून खाऊन टाकला, म्हणजे बायकोच्या डोळ्यांसमोर नको. बाईंनी पुढचे दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला, आणि आपलं काय चुकलं हे त्याला अजून कळलेलं नाही.

तीन महिन्यांनी बाई कामावर रुजू झाल्या तेव्हा कारखान्यात त्यांचं कौतुक मावेना. "अर्ध्या झालात की हो." "ओळखलंच नाही." खिडकीपाशी ताट घ्यायला आलेला प्रत्येक जण काहीतरी बोलून जायचा. बाई हसून साजरं करायच्या. लोकांना माणूस बारीक झालेला दिसतो. त्याच्याबरोबर आणखी काय गेलं हे विचारायला सवड कुणाला असते?

जे गेलं होतं ते अडीच वाजताचं होतं. दोन वाजता शेवटचं ताट गेलं की खिडकी बंद व्हायची, आणि अडीचला आतल्या लांब टेबलावर चौघं जेवायला बसायची. एक भाजी चिरणारे मामा, साठीला आलेले, दिवसाला दहा वाक्यं बोलणारे. एक ताटं-भांडी बघणारी वहिनी, चाळिशीची, मामांची उरलेली वाक्यंही बोलून टाकणारी. एक वाढपावरचे मास्तर, जे कधी काळी शाळेत होते आणि अजूनही प्रत्येकाच्या चुका काढायचे. आणि टेबलाच्या टोकाला भरलं ताट घेऊन मोठ्या बाई. वहिनीने नवऱ्याचं घर सोडलं ते या टेबलावर ठरलं. मामांची बायको गेली तेव्हा तेराव्या दिवशी ते इथेच पहिल्यांदा पोटभर जेवले, कारण बाई त्यांच्या ताटात वाढतच राहिल्या. बाईंचा नवरा घरी पेपर वाचत जेवतो. बोलत, भांडत, एकमेकांच्या ताटातलं उचलत जेवायचं ते सुख बाईंना फक्त इथे होतं.

कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी त्या टेबलावर बसल्या. दुसऱ्या घासाला छातीत दगड बसल्यासारखं झालं. उठून मोरीकडे धावल्या. वहिनी पाठ चोळत होती, मास्तर पाणी घेऊन आले, मग पाणी चालत नाही असं आठवून तसेच परत गेले. त्या दिवशी तिघांचीही जेवणं अर्धवट राहिली.

दुसऱ्या दिवसापासून अडीच वाजले की बाईंना कामं सुचू लागली. कोठारातले डबे लावायचे होते. शेगडीचे बर्नर घासायचे होते. "तुम्ही बसा, मी आलेच," म्हणून त्या जायच्या त्या तिघांचे हात धुऊन झाल्यावरच उगवायच्या. तिघांनी चार दिवस वाट बघितली, मग वाट बघणं सोडून दिलं. कोठारात तांदळाच्या पोत्यावर बसून बाई त्यांचं हसणं ऐकायच्या. आपल्याशिवायही टेबल चालतंय, हे त्यांना तिथे बसून ऐकू यायचं.

महिन्याभराने दवाखान्यात तपासणी होती. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीला बाई मनातल्या मनात चमचेवाली म्हणत, कारण ती माणसाचं सगळं आयुष्य चमच्यांत विचारायची. केस मुठीने गळत होते. उठताना चक्कर येत होती. चमचेवालीने रक्ताचा कागद बघितला, मग बाईंची वही उघडली. वही सुरेख होती. वेळ, पदार्थ, चमचे, सगळं ओळीत.

"सकाळी अर्धं अंडं. मग दुपारी काहीच नाही?"

"जागाच नसते."

"अर्ध्या अंड्याने दुपारपर्यंत पोट भरलेलं राहतं?"

"गच्च भरलेलं असतं. माझा काय दोष?"

मुलीने पेन खाली ठेवलं. "अंडं, मासे, डाळ, हे पोटात गेलंच पाहिजे. ते जात नाहीये म्हणून केस जातायत. कदाचित आत वाट अरुंद झाली असेल. दुर्बिणीने बघावं लागेल."

पुन्हा तो पलंग, पुन्हा ती नळी. पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन त्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या तिघांना त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि कोठाराकडे वळल्या. वहिनी पाठीमागे बरंच काही बोलली.

मामा चिरायला बसायचे ती जागा शेगडीच्या बरोबर समोर होती. तीस वर्षं कांदे चिरून त्यांचे डोळे रडायचे थांबले होते, पण बघायचे थांबले नव्हते. त्याच्या पुढच्या सकाळी त्यांनी पाटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवली. बाईंनी रश्शाचा चमचा तोंडाला लावला की मामा उठायचे, त्याच पातेल्यातून तेवढाच चमचा वाटीत ओतायचे आणि पुन्हा चिरायला बसायचे. बाई कामाच्या घाईत होत्या, त्यांना पत्ताही नव्हता. सूप, मीठ बघायला. डाळ, शिजलीय का बघायला. बटाट्याची फोड, भाताची चार शितं, घेवड्याचे तीन दाणे. तिखट टाकल्यावर रस्सा पुन्हा. दुसरं पातेलं चढलं की सगळं पहिल्यापासून. दुधातला गोड भात एकदा, दोनदा, तीनदा.

दोन वाजता खिडकी बंद झाली. बाई फडकं घेऊन कोठाराकडे निघाल्या तशी मामांनी वाटी त्यांच्यापुढे ठेवली. काठोकाठ भरली होती, आणि आत सगळ्याचा काला झाला होता.

"हे काय?"

"तुमचं आजचं जेवण. सकाळपासूनचं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मामा, मी चव बघते. स्वयंपाक करणाऱ्या बाईने चव बघायची नाही तर काय वास घेऊन वाढायचं? चव बघणं म्हणजे खाणं होय?"

"तुमच्या पोटाला कुठं माहीत आहे ते," मामा म्हणाले.

बाईंनी बावीस वर्षांत चाखण्याला जेवण धरलं नव्हतं. ते काम होतं. पीठ चाळल्यासारखं, पातेलं उतरवल्यासारखं. वहीत लिहायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पूर्वीच्या पोटाला एवढं कुठं जाणवतही नसे. आताचं केळ्याएवढं पोट दोन वाजेपर्यंत रस्सा, शितं आणि गोड भाताने तुडुंब भरायचं, आणि अंड्याला, डाळीला दारातूनच परत जावं लागायचं.

चमचेवालीला फोन केला तेव्हा तिने चमच्यांचा हिशेब पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली की दुर्बीण आठ दिवस पुढे ढकलू, आधी चाखणं बंद करून बघा. फारच वाटलं तर चव घेऊन थुंकून टाका.

"स्वयंपाकघरात उभं राहून अन्न थुंकू?" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो मार्ग तिथेच संपला.

उरला दुसरा. चव दुसऱ्या कुणाला बघू द्यायची. हे ऐकायला सोपं आहे, पण बाईंच्या जिवावर आलं. जेवण गेलं, ताट गेलं, आता जीभही देऊन टाकायची, तर मग स्वयंपाकघरात आपण उरलो कुठे? दोन रात्री त्यांना धड झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये खिडकीपाशी बसल्या असताना त्यांनी स्वतःशी एकदाचं खरं बोलून घेतलं. रश्शाला एक चमचा पुरतो. गोड भाताला तिसऱ्यांदा चाखायची तर काडीची गरज नव्हती. आपण चव बघत नव्हतो, आपण जेवत होतो. उभ्याने, पाठमोऱ्या, कुणाच्या नजरेत न येता. कारण टेबलावर बसलो तर सगळ्यांसमोर बशीतले चार चमचे खावे लागतील. बाकीचे दहा मिनिटांत उठून कामाला लागतील आणि आपण रिकाम्या टेबलावर बशी घेऊन एकटं बसू. त्यापेक्षा कोठार बरं, असं आपणच ठरवलं होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली आणि कीवही आली. दोन्हीतलं जास्त काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्या दिवशी त्यांनी चमचा वहिनीच्या हातात दिला.

"मी?" वहिनी म्हणाली. "माझ्या हातचं माझी पोरं खात नाहीत."

"शिजवायचं मी. तू फक्त सांग. मीठ कसं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे काय? समुद्रासारखं की पाण्यासारखं?"

वहिनीने डोळे मिटून पुन्हा चाखलं. "ठीक असावं, बाई."

ठीक नव्हतं. साडेबाराला वेल्डिंगवाल्यांपैकी एक ताट घेऊन खिडकीशी परत आला आणि म्हणाला, "बाई, आज मिठाला सुट्टी का?" बावीस वर्षांत हे त्या खिडकीवर कुणी बोललं नव्हतं. वहिनीचा चेहरा पडला. बाईंच्या घशापर्यंत उत्तर आलं होतं, आणि खरं तर हात चमच्याकडे गेलाही होता. त्यांनी दोन्ही आवरलं. मिठाची वाटी खिडकीत ठेवली, "घ्या वरून" म्हणाल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "उद्या चिमूटभर जास्त. कळेल हळूहळू."

अडीचला त्या कोठाराकडे गेल्या नाहीत. बशीत अर्धं अंडं आणि तीन चमचे घट्ट डाळ घेऊन टेबलाच्या टोकाला बसल्या. मास्तरांनी बशीकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच चूक न काढता मिटलं. तिघांनी जेवायला सुरुवात केली. बाईंनी पहिला घास घेतला. चावला, थांबल्या, आत काय होतंय याचा कानोसा घेतला. काही झालं नाही. आज आत जागा होती.

मास्तरांचं ताट दहा मिनिटांत रिकामं झालं. मग वहिनीचं, मग मामांचं. बाई अजून अंड्यावरच होत्या. त्यांनी मान खाली घातली. आता खुर्च्या सरकतील, नळ सुटतील. साडेतीनच्या चहाची भांडी अजून धुवायची पडली होती, हे त्यांनाही दिसत होतं.

खुर्च्या सरकल्या नाहीत. वहिनी शेजारणीच्या कुत्र्याची हकीकत सांगू लागली. मास्तर म्हणाले की कुत्रं असं वागूच शकत नाही, आणि दोघांची जुंपली.

"उठा आता," बाई म्हणाल्या. "भांडी पडलीत. माझं काय, मी खाते सावकाश."

"खा की सावकाश," मामा म्हणाले. "आम्ही कुठं चाललोय?"

बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, पदराने डोळे पुसले आणि डाळीचा पुढचा चमचा घेतला. वहिनीने त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि कुत्र्याची हकीकत पुन्हा मधूनच सुरू केली. अर्ध्या वाटीचं ते जेवण संपायला चाळीस मिनिटं लागली. तोवर तिघांचे उष्टे हात वाळून कडक झाले होते, आणि हात धुवायला चौघं एकदमच उठली.