टाकीचं झाकण

बाजारामागच्या गल्लीत त्याला सगळे वायसर म्हणत. तोंडावर शेठ, पाठ फिरली की वायसर. रबर, बूच आणि तेलकट पुठ्ठा यांतून गाडीला लागेल ते पॅकिंग तो हाताने कापून द्यायचा. ज्या जुन्या गाडीचं सामान दुकानात मिळेनासं झालंय, तिचे मालक धुंडाळत त्याच्याकडे यायचे. हातात कसब होतं, पण स्वभावात एक किडा होता. दुसऱ्याचं कौतुक झालं की याच्या पोटात दुखायचं. आणि नशीब बघा, जगात इतकी माणसं असताना त्याचा साडू नेमका गाड्या रंगवणारा निघाला.

रंगाऱ्याचं बरं असतं हो. गाडीकडे बघणाऱ्याला आधी दिसतो तो रंग. वायसरचं काम चोख झालं तर ते कुणाला दिसतच नाही. गळायला लागलं की मात्र सगळ्या गावाला दिसतं. त्यात रंगाऱ्याची जीभही गोड. बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते आणि न बोलणाऱ्याचा गहूही पडून राहतो, ते काही उगाच म्हणत नाहीत.

सासऱ्यांनी उमेदीची सगळी वर्षं एकच गाडी चालवली होती. डोळे अधू झाले तशी ती पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि गंजत पडली. ती पुन्हा उभी करायची आणि त्यांना एकदा तरी तिच्यात बसवून डोंगरावरच्या तळ्यापर्यंत न्यायचं, असं दोन्ही जावयांनी ठरवलं. वायसरने पाण्याच्या पंपापासून दारांच्या कडांपर्यंत एकूण एक सील नवं बसवलं. रंगाऱ्याने पत्रा ठोकून हिरवा रंग चढवला. सासरे काठी टेकत शेडमध्ये यायचे, दारावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "शाब्बास रे रंगारी!"

झालं, वायसरचा तीळपापड. थोरला जावई तो, पण त्या घरात पाऊल टाकल्यापासून हा एक शब्द काही त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्याला तो हवा होता. लहान पोराला हवा असतो तसा, अगदी रडकुंडीला येऊन हवा होता.

निघायच्या आदल्या दिवशी रंगाऱ्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण चमकवून आणलं. वर चकाकीसाठी लॅकरचा जाड थरही मारला होता. वायसरने त्यात बुचाचं नवं पॅकिंग बसवलं, झाकण उजेडाकडे धरलं आणि त्याच्या लक्षात आलं. अशा झाकणाला टाचणीएवढं भोक असतं, पेट्रोल संपत जाईल तशी हवा आत यायला. तेच लॅकरने बुजलं होतं. जुनं पॅकिंग झिजलेलं असतं तर कडेने हवा शिरली असती, पण याचं काम इतकं चपखल की हवेला वाटच उरली नव्हती. थोडं अंतर जाताच पेट्रोल इंजिनापर्यंत पोचेनासं होणार आणि गाडी बंद पडणार. टाचणी टोचली की काम भागत होतं. वायसरने झाकण फिरवून घट्ट लावून टाकलं.

जेवताना मात्र त्याला राहवेना. "तुझ्या मेहुण्याने टाकीच्या झाकणातलं हवेचं भोकच बुजवलंय," तो बायकोला म्हणाला. "चढावर गाडी अडकते की नाही बघ."

"अहो, मग सांगा की त्यांना!"

"सांगतो गं," तो म्हणाला आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रंगारी चालवायला बसला, शेजारी सासरे, मागे वायसर आणि त्याची बायको. सासरे वाटेतलं प्रत्येक वळण आधीच सांगत होते. चढ लागला तशी गाडी दोन आचके देऊन थांबली. थोड्या वेळाने सुरू झाली, चार पावलं गेली आणि पुन्हा थांबली. रंगाऱ्याने बॉनेट उघडलं, प्लग काढून पुसले, कार्बोरेटर उघडला. घामाघूम झाला बिचारा. वायसर बाजूच्या दगडावर मूग गिळून बसला होता. सासऱ्यांनी एकदा फक्त म्हणावं, जावईबापू, आता तुम्हीच बघा. की हा उठणार, झाकण उघडणार आणि तो शब्द मिळवणार.

सासरे म्हणाले, "घाई नको रे रंगारी. तुझ्या हाताला यश आहे, तू काढशील मार्ग."

अजूनही तोच! वायसरच्या अंगाची आग आग झाली. आता तर मुळीच उठायचं नाही, त्याने ठरवलं. गाडी सपाटीला घ्यावी म्हणून सासऱ्यांनी काठी बाजूला ठेवली आणि मागून खांदा लावला. वायसरनेही लावला. म्हातारा धापा टाकत होता, मान लटलट हलत होती. सांगून टाकावं असं दोनदा वायसरच्या ओठांवर आलं. त्याने दोन्ही वेळा ते गिळलं.

"अगं बाई, ते झाकण!" बायको एकदम ओरडली. तिने मागे जाऊन झाकण पिरगाळलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. रंगाऱ्याने चावी फिरवली, दोनचार खाकरे काढून इंजिन लागलं ते लागलंच.

सासरे गाडीला मागून टेकून उभे होते. "तुला कसं गं सुचलं?"

"मला कुठलं सुचतंय, बाबा! हे यांचं डोकं," ती हौसेने म्हणाली. "काल जेवतानाच म्हणाले होते, भोक बुजलंय, गाडी चढावर अडकणार. तुम्हालाच यांची हुशारी दिसत नाही."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. धुळीने भरलेल्या हाताने त्यांनी वायसरच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास, जावईबापू!"

वायसर हसला. सासऱ्यांनी पुन्हा थाप मारायला हात उचलला, आणि तो वरच राहिला. त्यांना अजून धाप लागली होती.

"काल?" त्यांनी विचारलं.