शांतवनमामांचा अंगठा

शांतवनमामा कढत पाक उघड्या अंगठ्यावर घेत. पाक शिजायचा पॅनमध्ये, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या बंद भांड्यात. त्यातून सळई ओढायची, टोकावरचा तपकिरी थेंब अंगठ्यावर उतरवायचा, तर्जनीने दाबून बोटं हळूच विलग करायची आणि मधली तार उजेडाला धरायची. मग म्हणत, "अजून कोवळा हाय," नाहीतर, "धरला दाना. आता त्याला तान देऊ नका." राहुरीकडच्या आमच्या साखर कारखान्यात ते तीस वर्षं पॅनमन होते.

मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो तो नवीकोरी पदवी घेऊन. पहिल्याच दिवशी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावायला सांगितलं. पुढे पॅन संगणकावर चालणार होता. मामांच्या शेजारी दोन हंगाम बसायचं, ते काय पाहतात, कधी कोणता व्हॉल्व्ह उघडतात, ते सगळं टिपायचं. "त्यांच्याकडून सगळं काढून घ्या," मॅनेजर म्हणाले. "नंतर त्यांचं काम उरणार नाही. हे मात्र त्यांना सांगू नका."

मी सांगितलं नाही.

मामा मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. वही घेऊन शेजारी बसलेला माणूस त्यांना इतका आवडला की जेवणाच्या सुट्टीतही ते बोलत राहत. पाक करपायच्या बेताला आला की वाफेचा वास कसा बदलतो, पावसात भिजलेल्या उसाचा रस कसा आळशी होतो, काही म्हणून हातचं राखलं नाही. "आजवर माझं कुनी लिहून न्हाई घेतलं," एकदा म्हणाले. मी हौसेने थेंब अंगठ्यावर घेतला आणि फोड आला, तेव्हा माझा हात गार पाण्यात धरून ते हसले. "तुमी पाकाला वळखायच्या आदी पाकानं तुमाला वळखलं पायजे, साहेब."

तिसऱ्या हंगामाच्या पहिल्या दिवशी ते धुतलेला गणवेश घालून आले. व्हॉल्व्ह आपोआप उघडत होते, मिटत होते. ते बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांच्या हातात बदलीचा कागद दिला गेला. काम बगॅस यार्डात, रस काढून उरलेल्या भुशाच्या ढिगांवर. त्याच आठवड्यात हजेरीचं मशीन बसलं. पाकाने भाजून गुळगुळीत झालेल्या त्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. रांगेत सगळ्यांसमोर त्यांना अंगठा पुसायला, ओला करायला, पुन्हा दाबायला लावत. मागचे हसत. महिनाभर कामावर येऊनही ते गैरहजर ठरले.

हंगामाच्या मध्यावर एके दुपारी पॅन बिघडला. दाणा धरेना, पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसत होतं. शेवटी मामांना बोलावलं. केसांत, भुवयांत भुसा, तसेच आले. थेंब घेतला, डोळे मिटले, आणि मला एकेक व्हॉल्व्ह सांगत गेले. दीड तासात पाक ताळ्यावर आला. त्यांचा चेहरा तेव्हा इतका उजळला होता की मला तिकडे बघवेना.

मॅनेजर आले. फरशीवर सांडलेला भुसा झाडून घ्यायला त्यांनी मामांनाच सांगितलं. मला म्हणाले, "काय काय केलं ते सिस्टीममध्ये टाका. पुन्हा बोलवायला लागू नये." मामांनी फरशी झाडली. नंतर दारापाशी थोडा वेळ थांबले. थांबा असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही. संध्याकाळपर्यंत मी सगळं भरून टाकलं, आणि त्यांना पुन्हा कधीच बोलवावं लागलं नाही.

पुढच्या तीन वर्षांत भुशाच्या धुळीने त्यांची छाती भरली. नगरच्या दवाखान्यात ते वारले. त्याच्या चार दिवस आधी मी भेटायला गेलो होतो. नाकात ऑक्सिजनची नळी होती. उशाशी त्यांची बायको मार्थाबाई स्टुलावर बसल्या होत्या.

मामा म्हणाले, "साहेब, एक इचारू? लिहून घेत हुता, तवा तुमाला ठावं हुतं का, माझं काम जानार म्हनून?"

"नाही, मामा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला. बायकोकडे मान वळवून म्हणाले, "बग. मी म्हनत न्हवतो? ते तसले न्हाईत." मग दम घेऊन पुढे म्हणाले, "ऊठ, साहेबांना बसू दे."

मार्थाबाई उठल्या. मी बसलो.